हात हलला, पण हाताला कळले का?

कोपराच्या वर हात तुटला तरी दंडातले स्नायू जागेवर असतात. हात वाकवावा असे मनात आले की ते पूर्वीसारखेच आखडतात. फक्त ओढायला पुढे काही उरलेले नसते. स्नायू आखडतो तेव्हा त्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते, व्होल्टच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. त्वचेवर इलेक्ट्रोड लावून ती टिपता येते, वाढवता येते आणि तिच्यावर मोटार चालवता येते. कृत्रिम हात, चाकाची खुर्ची, संगणकाच्या पडद्यावरचा बाण अशा कितीतरी गोष्टी आज या विजेच्या इशाऱ्यावर चालवून पाहिल्या जात आहेत.

ही विद्या कोणा एकाची नाही. जर्मनीत राइनहोल्ड राइटर यांनी १९४० च्या दशकातच असा हात बनवला होता. पुढे सोव्हिएत रशियातही तसा हात तयार झाला. पण असे उपकरण चांगले की वाईट हे कशावरून ठरवायचे, या प्रश्नाच्या मुळाशी ज्यांनी हात घातला ते डॉक्टर नव्हते आणि यंत्रे घडवणारे कारागीरही नव्हते. ते गणिती होते. त्यांची नजर अधू होती आणि प्रयोगशाळेत त्यांचे हात कधी नीट चालले नाहीत. त्यांचे नाव नॉर्बर्ट वीनर.

वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कोलंबिया या गावी झाला. वडील लिओ वीनर बहुभाषा जाणणारे पंडित. पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक झाले. मुलाला त्यांनी घरीच शिकवले. शिकवण्याची रीत कडक होती. उत्तर चुकले की वडिलांचा आवाज चढायचा, आणि बरोबर उत्तर येईपर्यंत सुटका नसायची. आठव्या वर्षी नजर फारच खालावली म्हणून डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद केले, तर वडिलांनी तोंडी गणिते घातली. कागद-पेन्सिलीशिवाय डोक्यात आकडेमोड करण्याची सवय तेव्हा लागली, ती जन्मभर टिकली.

मुलगा अकराव्या वर्षी टफ्ट्स महाविद्यालयात गेला आणि चौदाव्या वर्षी, १९०९ मध्ये, गणिताची पदवी घेऊन बाहेर पडला. त्याला जीवशास्त्रज्ञ व्हायचे होते, म्हणून त्याने हार्वर्डमध्ये प्राणिशास्त्राला प्रवेश घेतला. तिथे मात्र अडले. सूक्ष्मदर्शकातून नीट दिसेना, विच्छेदनाला बोटे साथ देईनात. डोक्यात जे स्वच्छ होते ते हातून उतरत नव्हते. शेवटी विषय बदलावा लागला, आणि १९१३ मध्ये अठराव्या वर्षी त्याने गणिती तर्कशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर केंब्रिजला बर्ट्रांड रसेल आणि गॉटिंगेनला डेव्हिड हिल्बर्ट यांच्याकडे अभ्यास झाला. १९१९ पासून निवृत्तीपर्यंत वीनर यांचे कामाचे ठिकाण एकच राहिले, बॉस्टनजवळची मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी. जीवशास्त्राची ओढ मात्र सुटली नव्हती. ती तीस वर्षांनी वेगळ्याच वाटेने परत आली.

ती वाट युद्धातून गेली. दुसऱ्या महायुद्धात विमाने इतकी वेगवान झाली होती की तोफेचा गोळा वर पोचेपर्यंत विमान पुढे निघून जाई. जोंधळा राखताना गोफण मारणारा पाखरू आहे तिथे दगड मारत नाही, जिथे जाणार तिथे मारतो. तोफेलाही हेच शिकवायचे होते. वीनर आणि तरुण अभियंता ज्युलियन बिगेलो यांनी १९४० नंतर या प्रश्नावर काम केले. रडारवरून येणारी माहिती कधीच स्वच्छ नसे. खऱ्या हालचालीत गोंगाट मिसळलेला असे. त्या गोंगाटातून खरी खूण वेगळी कशी काढायची आणि तिच्यावरून पुढचा अंदाज कसा बांधायचा, याचे गणित वीनर यांनी १९४२ मध्ये मांडले. यंत्र युद्धात वापरले गेले नाही, पण ते गणित आज वीनर गाळणी म्हणून अभियांत्रिकीत शिकवले जाते.

स्नायूंच्या विजेशी या गाळणीचे जवळचे नाते आहे. त्वचेवरून टिपलेली स्नायूची वीज पाहिली तर ती निव्वळ गोंगाटासारखीच दिसते. शेकडो स्नायुतंतूंच्या ठिणग्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्यात शेजारच्या स्नायूची वीज येते, इलेक्ट्रोड सरकल्याचा झटका येतो आणि घरातल्या तारांमधल्या वीजप्रवाहाची सेकंदाला पन्नास वेळा होणारी गुणगुणही येते. यातून माणसाला मूठ मिटायची आहे की उघडायची, हे ओळखायचे असते. म्हणून अशा उपकरणाची पहिली परीक्षा खूण ओळखण्याची. दहा वेळा मूठ मिटायचे मनात आणले, तर किती वेळा मूठच मिटली?

बहुतेक जाहिराती आणि बरेच शोधनिबंधही या परीक्षेपाशी थांबतात. वीनर तिथे थांबले नाहीत.

तोफेच्या कामात त्यांच्या ध्यानात आले की विमान चालवणारा आणि तोफ चालवणारा हे दोघेही यंत्राचाच भाग असतात. माणूस आपली चूक पाहतो, ती दुरुस्त करतो, पुन्हा पाहतो. पाण्याचा पेला उचलतानाही हेच घडते. हात किती पुढे गेला, पेला किती जड आहे, निसटतो आहे का, याची खबर क्षणाक्षणाला मेंदूकडे परत येते आणि त्याप्रमाणे पुढचा हुकूम बदलतो. या उलट येणाऱ्या खबरीला अभियंते फीडबॅक म्हणतात. ती उशिरा आली किंवा तिच्यामुळे प्रमाणाबाहेर दुरुस्ती होऊ लागली, तर यंत्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झोके खाऊ लागते.

माणसातही असा बिघाड होतो का, असे वीनर आणि बिगेलो यांनी मेक्सिकोचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्तुरो रोसेनब्लूथ यांना विचारले. उत्तर लगेच आले, होतो. लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णाचा हात स्वस्थ असताना थरथरत नाही, पण पेल्याकडे नेऊ लागला की झोके खातो, आणि पेला जवळ येतो तसे झोके वाढतात. स्नायू शाबूत असतात आणि इच्छाही असते. बिघडलेला असतो तो खबरीचा आणि हुकुमाचा मेळ. १९४३ मध्ये तिघांनी मिळून यावर लेख लिहिला. प्राणी आणि यंत्र यांच्या हेतूपूर्ण हालचालींना एकाच नियमांनी समजून घेता येईल, असा त्याचा आशय होता. १९४८ मध्ये वीनर यांचे सायबरनेटिक्स हे पुस्तक आले. नावाच्या सुकाणूवर बसणाऱ्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्यावरून त्यांनी हे नाव घडवले होते. पुस्तक समीकरणांनी भरलेले होते, तरीही सामान्य वाचकांनी ते उचलून धरले.

त्याच पुस्तकात त्यांनी तुटलेल्या हातापायांचा विचार मांडला आहे. अवयव जातो तेव्हा आधार जातो, हालचाल जाते, आणि तिसरी गोष्ट जाते ती म्हणजे त्या अवयवातून येणारी जाणीव. कृत्रिम अवयव बनवणारे पहिल्या दोन गोष्टी भरून काढायला पाहतात, तिसरीला हात लावत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट दाखवून दिले. कृत्रिम हातातले दाब आणि कोन मोजून ती खबर थरथरीच्या रूपाने उरलेल्या त्वचेपर्यंत परत पोचवता येईल, असेही त्यांनी सुचवले. ज्याच्या स्वतःच्या बोटांनी तरुणपणी प्रयोगशाळेत दगा दिला होता, त्याला हाताचे दुखणे नेमके कुठे असते ते बरोबर दिसले होते.

हे केवळ कागदावर राहिले नाही. १९४९ च्या सुमारास एमआयटीमध्ये त्यांनी जेरोम वीझनर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर बहिऱ्यांसाठी एक हातमोजा करायला घेतला. बोलण्याचा आवाज त्यात वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागला जाई आणि प्रत्येक पट्टी एकेका बोटाखाली थरथर उमटवी. कान गेलेल्या माणसाला बोटांनी ऐकवायचे होते. अंध आणि बधिर असलेल्या हेलन केलर यांनीही तो हातमोजा वापरून पाहिला. काही शब्द ओळखता येत होते, तरी रोजच्या वापरात तो कधी आला नाही. प्रयोगशाळेतले यश आणि घरातला उपयोग यांच्यातली दरी वीनर यांनी अशी जवळून पाहिली.

या माणसाचे महाराष्ट्राशीही नाते होते. धर्मानंद कोसंबी हार्वर्डला बौद्ध ग्रंथांच्या कामासाठी गेले तेव्हा त्यांचा मुलगा दामोदर तिथे शिकला. गणितात रमलेल्या या गोव्याच्या तरुणाची वीनर यांच्याशी मैत्री जुळली आणि ती टिकली. दामोदर कोसंबी पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिती म्हणून राहिले. १९५० च्या दशकात वीनर भारतात आले. १९५५-५६ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत अनेक महिने होते. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गणित शिकवणारे पेसी मसानी यांच्याबरोबर त्यांनी एकाच वेळी अनेक खुणांवरून पुढचा अंदाज बांधण्याचे गणित रचले. त्यांचे संयुक्त निबंध १९५७ आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच दंडावरच्या अनेक इलेक्ट्रोडांची वीज एकत्र वाचायची असते तेव्हा प्रश्न त्याच जातीचा असतो. मसानी यांनी पुढे १९९० मध्ये वीनर यांचे चरित्रही लिहिले.

वीनर स्वभावाने सोपे नव्हते. ते उदासीच्या दीर्घ झटक्यांनी ग्रासलेले असत, स्तुतीसाठी आतुर असत आणि वादात पटकन दुखावले जात. पण एका बाबतीत ते ठाम होते. हिरोशिमानंतर त्यांनी लष्करी कामाला आपले संशोधन द्यायचे नाही असे ठरवले आणि १९४७ च्या सुरुवातीला ते जाहीरपणे सांगितले. यंत्रे आली की कोणाचे काम जाईल आणि कोणाचा फायदा होईल, हा प्रश्न त्यांनी १९५० च्या पुस्तकात सामान्य वाचकासमोर ठेवला. यंत्र किती हुशार आहे यापेक्षा ते माणसाच्या कोणत्या उपयोगाचे आहे, ही त्यांची कसोटी होती.

१९६१ मध्ये वीनर पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात ते खाटेवर होते. तिथल्या अस्थिशल्यविशारदांशी, विशेषतः मेल्विन ग्लिमचर यांच्याशी, त्यांची चर्चा सुरू झाली. बारा-तेरा वर्षांपूर्वी पुस्तकात लिहून ठेवलेली कल्पना रुग्णालयाच्या खोलीत पुन्हा बाहेर आली. तुटलेल्या दंडातल्या स्नायूंची वीज घेऊन चालणारा हात करायचा असे ठरले. एमआयटी, हार्वर्डचे वैद्यकीय महाविद्यालय, ते रुग्णालय आणि कामगारांचा विमा उतरवणारी लिबर्टी म्युच्युअल ही कंपनी एकत्र आली. ध्वनियंत्रांमुळे पुढे जगभर नाव झालेले अमर बोस वीनर यांच्या वर्तुळातलेच. तेही या कामात होते. विमा कंपनी का आली, याचे उत्तर सरळ होते. कारखान्यात हात गमावलेला कामगार पुन्हा कामावर गेला तर दोघांचाही फायदा होता.

हा हात पूर्ण झालेला वीनर यांना दिसला नाही. १९६४ च्या जानेवारीत त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक देण्यात आले. १८ मार्च १९६४ रोजी स्टॉकहोममध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या शेवटच्या पुस्तकात रशियन हाताचा उल्लेख आहे. माणूस आणि यंत्र यांनी आपापले काम वाटून घ्यावे, यंत्राला माणसाच्या जागी बसवू नये, या विचारासाठी त्यांनी कृत्रिम हाताचे उदाहरण दिले.

बॉस्टन आर्म या नावाने तो हात १९६८ मध्ये लोकांसमोर आला. दंडाच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंची वीज त्याचे कोपर वाकवत आणि सरळ करत असे. १९७० मध्ये रॉबर्ट मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्याने कोपराचा कोन थरथरीच्या रूपाने त्वचेला कळवून पाहिला. वीनर यांनी सांगितलेली तिसरी गोष्ट निदान करून पाहिली गेली. १९८४ मध्ये अमेरिकी संसदेच्या तंत्रज्ञान-मूल्यमापन कार्यालयाने या कृत्रिम कोपरावर स्वतंत्र अहवाल काढला. तोवर प्रश्न फक्त मोटारीचा उरला नव्हता. खर्च किती, तो कोण देणार आणि कोणाला खरोखर उपयोग होतो, हे सगळे त्यात आले होते.

हे प्रश्न बॉस्टनपुरते नाहीत. पुणे-सोलापूर महामार्गावर इंदापूर तालुक्यातले लोणी देवकर घ्या. आसपास उसाचे रान आहे, गावाला लागून औद्योगिक वसाहत आहे. अशा भागात कडबाकुट्टी, रसवंतीचा चरक, मळणीयंत्र किंवा कारखान्यातला प्रेस यांत हात सापडणे ही दूरची गोष्ट नाही. पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. ते मुळात सैनिकांसाठी सुरू झाले. आज स्नायूंच्या विजेवर चालणारे हात भारतातही बनतात. म्हणजे असा हात समोर येईल तेव्हा तो पारखायचा कसा, हे हात गमावलेल्या शेतकऱ्याला किंवा कामगाराला कळले पाहिजे.

दवाखान्यात एक सोपी चाचणी वापरतात. मधे आडवी फळी असलेली पेटी घेतात, एका बाजूला अडीच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे असतात, आणि एका मिनिटात फळीपलीकडे किती ठोकळे गेले ते मोजतात. चाचणी चांगली आहे, पण ती टेबलाशी बसून होते. शेतात हात डोक्यावर उचलावा लागतो आणि तेव्हा त्याच स्नायूची खूण बदलते. वैशाखात घाम येतो, इलेक्ट्रोड सरकतात. दुपारपर्यंत स्नायू थकतो आणि सकाळी ओळखली गेलेली खूण संध्याकाळी ओळखली जात नाही. म्हणून पहिल्या दिवशीचे ठोकळे मोजून भागत नाही. दिवस मावळताना, आणि महिन्याभराने, पुन्हा मोजले पाहिजेत.

दुसरी पारख उशिराची. मनात आल्यापासून हात हलेपर्यंत पाव सेकंदाहून जास्त वेळ जाऊ लागला की यंत्र मागे रेंगाळते आहे असे जाणवते. यंत्राने खूण जास्त वेळ वाचली तर चूक कमी होते, पण उशीर वाढतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत. अचूकतेचा आकडा ऐकला की उशिराचाही विचारावा.

तिसरी पारख वीनर यांची. हातातून खबर परत येते का? खांद्याच्या पट्ट्याने आणि तारेने ओढायचा जुना आकडा दिसायला साधा असतो, पण तारेचा ताण खांद्याला कळतो, त्यामुळे पकड किती घट्ट झाली याचा अंदाज येतो. अनेक महागड्या विजेच्या हातांत ही जाणीव नसते. पेला पकडला का हे डोळ्यांनी पाहावे लागते. सतत पाहत राहण्याचा हा शीण मोठा असतो. विजेचा हात काही महिन्यांत काढून खुंटीला लावणारे लोक जगभर आहेत, आणि वजन, उकाडा, दुरुस्तीची कटकट यांच्याबरोबर हा शीणही त्यामागे असतो. लोणी देवकरच्या माणसाला बॅटरी किंवा इलेक्ट्रोड बिघडल्यावर पुण्याला किती खेपा घालाव्या लागतील, हाही मूल्यमापनाचाच भाग आहे.

असा हात घेण्यापूर्वी तो वापरणारी व्यक्ती भेटली तर बघावे, शक्य झाल्यास काही दिवस वापरून पाहावा, आणि साध्या आकड्याशी त्याची तुलना करावी. ज्या कामासाठी हात हवा आहे, तेच काम करून पाहावे. धार काढायची असेल तर धार काढून आणि मोटारसायकलचा क्लच दाबायचा असेल तर तो दाबून. निवड फिजिओथेरपिस्ट आणि कृत्रिम अवयवतज्ज्ञ यांच्या सल्ल्यानेच करावी. हात चांगला की नाही हे शेवटी मोटारीच्या ताकदीवर ठरत नाही. तो घातलेला माणूस संध्याकाळी दमून तो काढतो की अजून वापरतो, यावर ठरते.